नाकाची अ‍ॅलर्जी की दमा? आधी रात्रीबद्दल सांगा



दसरा आटोपला की धारणीतल्या माझ्या दवाखान्यात वाहत्या नाकांची रांग लागते. पाऊस नुकताच उघडलेला असतो. रस्त्याच्या कडेनं गाजर गवत कमरेएवढं वाढून फुलावर आलेलं असतं, शेतात सोयाबीनच्या मळणीची धूळ उडत असते आणि पहाटे अंगाला गारवा झोंबू लागतो. दोन-चार वर्षांचं लेकरू कडेवर घेऊन आलेली आई बसता बसताच विचारते, "डॉक्टरसाहेब, साधी अ‍ॅलर्जीच आहे ना जी? दमा तर नाही?"

या प्रश्नाचं उत्तर मी एकदा चुकवलं होतं. आज त्याबद्दल लिहितो, कारण ती चूक तुमच्याही घरात होऊ शकते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

दोन वर्षं मी काय विचारलं नाही

धारणीपासून आतल्या एका गावातली ही मुलगी. पहिल्यांदा आली तेव्हा अडीच वर्षांची होती. सटासट शिंका, पाण्यासारखं वाहणारं नाक, लाल डोळे, ताप नाही. सारखं तळहातानं नाक वर घासायची, त्यानं नाकाच्या शेंड्याजवळ एक आडवी रेघ पडली होती. छाती तपासली, श्वास स्वच्छ. मी केसपेपरवर लिहिलं, 'हंगामी अ‍ॅलर्जी'. औषध दिलं, ती बरी झाली. पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी ती पुन्हा आली. तेच नाक, तेच डोळे, तीच स्वच्छ छाती. मी जुना केसपेपर पाहिला आणि तेच औषध लिहून दिलं.

तिसऱ्या वर्षी, डिसेंबरच्या थंडीत, रात्री दोनच्या सुमाराला दार वाजलं. बाप मोटारसायकलवर, मागं आई, दोघांच्या मध्ये शालीत गुंडाळलेली ती. मुलगी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून ताठ बसली होती. प्रत्येक श्वासाला गळ्याजवळ खड्डा पडत होता, बरगड्या आत ओढल्या जात होत्या. नाव विचारलं तर एकेक अक्षर तुटून येत होतं. छातीला स्टेथोस्कोप लावला आणि मला घाम फुटला. शिट्टीचा आवाज जवळजवळ नव्हताच. हवा इतकी कमी आतबाहेर होत होती की शिट्टी वाजायलाही ती पुरत नव्हती.

ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर दिला, स्टेरॉइड दिलं आणि गाडी करून रुग्णालयात हलवलं. दोन दिवसांनी ती खेळायला लागली. पण त्या रात्री, तिचा श्वास जरा मोकळा झाल्यावर, मी आईला विचारलं, "ही रात्री खोकते का?"

"दोन वर्षं झाले जी. दिवसा चांगली खेळते. रातच्याला छातीत मांजर बोलल्यावानी आवाज येते."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही कधी इचारलंच नाही."

तिचं खरं होतं. ती दिवसा यायची, मी दिवसा तपासायचो, आणि तिचा आजार रात्री जागा व्हायचा. नाकाची अ‍ॅलर्जी तिला होतीच, माझं निदान खोटं नव्हतं. ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं तिच्या जिवावर बेतलं असतं.

नाक आणि छाती, एकच वाट

नाकापासून फुप्फुसापर्यंत श्वासाची वाट एकच असते आणि तिला आतून अस्तरही साधारण सारखंच असतं. परागकण, धूळ, बुरशी, धूर यांच्यामुळे हे अस्तर चिडतं. चिडणं नाकापुरतं राहिलं तर ती नाकाची अ‍ॅलर्जी. फुप्फुसातल्या बारीक नळ्यांचं अस्तर सुजलं, त्या नळ्यांभोवतीचे स्नायू आवळले आणि आत चिकट कफ साठला, तर तो दमा.

म्हणून 'अ‍ॅलर्जी की दमा' हा प्रश्नच थोडा फसवा आहे. पुष्कळ मुलांना दोन्ही असतं. खरा प्रश्न असा: त्रास नाकातच थांबतो की छातीत उतरतो?

नाकाची लक्षणं

ओळीनं शिंका, विशेषतः सकाळी उठल्यावर. पाण्यासारखा पातळ शेंबूड. नाक, डोळे, टाळू यांना खाज. डोळ्यांखाली काळसर छटा. नाक चोंदल्यामुळे तोंडानं श्वास आणि झोपेत घोरणं. ताप नसतो. ठरावीक हंगामात किंवा ठरावीक जागी गेलं की त्रास सुरू होतो आणि आठवडेच्या आठवडे चालतो. साधी व्हायरल सर्दी मात्र बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत ओसरते. तिच्यात सुरुवातीला ताप असू शकतो, आणि खाज फारशी नसते.

नाकामागून घशात शेंबूड उतरला तरी मूल खोकतं, अंथरुणावर आडवं पडल्यावर जास्तच. पण त्या मुलाला धाप लागत नाही, त्याची छाती वाजत नाही.

छातीची लक्षणं

इथे मी तुम्हाला चार प्रश्न देतो. डॉक्टरांनी विचारले नाहीत, तरी उत्तरं तुम्ही आपणहून सांगा.

१. मूल रात्री किंवा पहाटे खोकून जागं होतं का? दम्याचा त्रास त्या वेळी वाढतो.

२. धावल्यावर, खूप हसल्यावर किंवा रडल्यावर खोकला येतो का? इतर पोरं पळत असताना आपलं पोर मध्येच बसून घेतं का? "आमचं लेकरू शांत आहे, जास्त खेळत नाही," असं आया कौतुकानं सांगतात. कधी कधी ते शांत नसतं, त्याला दम पुरत नसतो.

३. प्रत्येक सर्दी छातीत उतरते का? भावंडांची सर्दी आठवड्यात जाते आणि याचा खोकला तीन-चार आठवडे रेंगाळतो का? श्वास सोडताना बारीक शिट्टी किंवा सूं सूं आवाज येतो का?

४. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांना दमा आहे का? मुलाच्या अंगावर लहानपणापासून कोरडा, खाजरा इसब आहे का?

पहिल्या तीनपैकी एकाचंही उत्तर वारंवार 'हो' येत असेल तर नाकाच्या औषधावर थांबू नका. चौथ्याचं 'हो' त्या संशयाला बळ देतं.

आणखी एक काम करा. रात्री त्रास होत असेल तेव्हा मुलाचा सदरा वर करून मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण घ्या, आवाजासकट. दिवसा मला न दिसणारी गोष्ट त्यात दिसते. घरी चांगला फोन नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खोकल्याच्या रात्रीच्या तारखेला टिंब काढा. महिनाभराची टिंबं पाहून मला जे कळतं, ते पाच मिनिटांच्या तपासणीत कळत नाही.

रक्त तपासून कळत नाही का?

हा प्रश्न मला जवळपास रोज येतो. मोठ्या माणसाला यंत्रात जोरात फुंकायला लावून दमा तपासता येतो. पाच वर्षांखालच्या लेकराला ते सहसा नीट जमत नाही. रक्तातल्या अ‍ॅलर्जीच्या चाचण्यांवरून शरीराचा कल कळतो, दमा आहे की नाही हे ठरत नाही. एक्स-रे दम्यात बहुधा साधाच येतो. आम्ही तो काढतो ते दुसरं काही नाही ना, हे पाहायला.

म्हणून लहान वयात निदान होतं ते तुम्ही सांगितलेल्या हकिकतीवरून, तपासणीवरून आणि औषधाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून. दोन-तीन महिने नियमित औषध देऊन पाहायचं. रात्री शांत गेल्या आणि औषध थांबवल्यावर त्रास परत आला, तर उत्तर बरंचसं मिळालं. एक दिलासाही देतो. सर्दीबरोबर छाती वाजणारी बरीच लहान मुलं सहा वर्षांच्या आसपास त्यातून बाहेर पडतात. पण 'मोठं झाल्यावर जाईल' म्हणून आजचा श्वास अडू द्यायचा नसतो.

दोन्ही नसेल तर?

घरघरणारी प्रत्येक छाती दम्याची नसते. शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका खाता खाता एकदम ठसका लागला आणि तेव्हापासून छाती वाजते, तर तो दाणा श्वासनळीत अडकलेला असू शकतो. अशा मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात न्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, बारीक ताप, वजन न वाढणं किंवा घरात टीबीचा रुग्ण असेल तर टीबीची तपासणी व्हायलाच हवी.

ताप, खोकला आणि जोराचा श्वास असेल तर न्यूमोनिया. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल, तर वाट पाहू नका. आशाताईंना हे मोजायचं शिक्षण दिलेलं असतं, त्यांची मदत घ्या.

आपल्या भागातला त्रास कधी वाढतो

पावसाळ्यात भिंतींना ओल येते, गोधड्या वाळत नाहीत, त्यांत बुरशी आणि धुळीतले बारीक किडे वाढतात. पाऊस संपताना गवताचे पराग आणि मळणीची धूळ. थंडीत दार लावून त्याच खोलीत चूल आणि शेकोटी. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तो धूर. आणि बारा महिने बिडीचा आणि डासांच्या अगरबत्तीचा धूर.

त्यातही फरक पाहा. त्रास फक्त दसरा ते दिवाळी आणि फक्त नाकाला, तर हंगामी अ‍ॅलर्जीची शक्यता जास्त. दर हंगामात वेगळ्या निमित्तानं, आणि प्रत्येक वेळी छातीला, तर दमा शोधायला हवा.

पराग तुम्ही थांबवू शकत नाही. धूर बराच थांबवू शकता. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, अनेक घरांत सिलिंडर पोचला. तो संपल्यावर भरून आणायला पैसे नसतात, हे मला माहीत आहे. निदान मूल झोपतं त्या खोलीत चूल पेटवू नका, आणि बिडी अंगणाबाहेर ओढा. मळणी चालू असताना लेकराला धुळीपासून लांब बसवा. गोधड्या कडक उन्हात टाका.

औषधांबद्दल थोडं

अ‍ॅलर्जीच्या गोळीनं किंवा सिरपनं शिंका आणि खाज कमी होते. आवळलेली श्वासनळी तिनं उघडत नाही. दोन वर्षं त्या मुलीच्या बाबतीत हेच झालं. नाक सुधारायचं, आम्ही सगळे खूश व्हायचो, छाती तशीच राहायची.

दुकानातून मागून आणलेलं खोकल्याचं सिरप तर लहान मुलाला देऊच नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये काढला. २०२५ मध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात दूषित सिरपमुळे लहान मुलं दगावली, हे तुम्ही वाचलं असेल. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारं रसायन सापडलं होतं. ती मुलं साध्या सर्दी-खोकल्यासाठी औषध घेत होती.

दमा असेल तर पंप, म्हणजे इनहेलर, हाच सरळ उपाय. 'पंपाची सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचं औषध' हे दोन्ही समज चुकीचे आहेत. हिशेब सांगतो. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाच्या नेहमीच्या सिरपच्या ५ मिलिलिटर चमच्यात २ मिलिग्रॅम, म्हणजे २० फवाऱ्यांएवढं. सिरप पोटातून रक्तात जाऊन अंगभर फिरतं, हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा थेट नळीत जातो आणि काही मिनिटांत काम करतो.

पंप दोन प्रकारचे असतात हेही लक्षात ठेवा. एक त्रास झाला की आराम देणारा. दुसरा सूज कमी ठेवणारा, कमी मात्रेच्या स्टेरॉइडचा, बरं वाटत असतानाही रोज घ्यायचा. दुसरा बंद करून फक्त पहिल्यावर दिवस काढणं धोक्याचं. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायला लावा, किंवा ओल्या फडक्यानं तोंड पुसून घ्या.

लहान मुलाला पंप स्पेसरमधूनच द्यायचा, आणि तीन-चार वर्षांपर्यंत त्याला मास्क लावून. एका वेळी एक फवारा आणि पाच-सहा शांत श्वास. स्पेसर परवडत नाही म्हणून पंप सोडणारे पालक मी पाहिले आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीपासून स्पेसर केला. तो विकतच्या स्पेसरइतकाच चालतो, हे त्यांनी १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं. बाटलीच्या तोंडाला ओठ घट्ट लावू शकेल अशा मोठ्या मुलासाठी ती युक्ती आहे. घरी अंदाजानं भोक पाडू नका, डॉक्टरांसमोर करून घ्या.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कापूस वेचायला जाणार असाल तर होळीला परत येईपर्यंत पुरेल एवढं औषध आणि केसपेपर सोबत न्या. 'आता बरं आहे' म्हणून पंप गावात ठेवून गेलेलं मूल तिकडच्या धुळीत आणि धुरात सापडतं.

दमा हा शब्द

ती मुलगी घरी जायच्या दिवशी मी घरच्यांना समोर बसवून सांगितलं, "हिला अ‍ॅलर्जी आहे आणि दमाही आहे." आजी लगेच म्हणाली, "दमा नका म्हणू जी. पोरीची जात आहे. कागदावर अ‍ॅलर्जीच लिहा."

त्या आजीचा मला राग आला नाही. पोरीच्या लग्नाची काळजी तिला त्या क्षणी पोरीच्या श्वासाइतकीच खरी वाटत होती. शिवाय आम्ही डॉक्टरही तेच करतो. दमा म्हटलं की घरचे घाबरतात, दुसरा दवाखाना गाठतात. म्हणून आम्ही 'अ‍ॅलर्जिक खोकला', 'थोडी छाती भरते' असं काहीतरी मऊ बोलतो. मऊ शब्द ऐकून घरी गेलेले लोक महिन्याभरात औषध बंद करतात. 'अ‍ॅलर्जीच तर आहे' म्हणतात. शब्द मऊ केल्यानं आजार मऊ होत नाही.

मी आजीला म्हटलं, "कागदावर दमा लिहिला तर औषध बरोबर मिळेल. औषध बरोबर मिळालं तर ही शाळेत धावण्याच्या शर्यतीत पळेल. पळणाऱ्या पोरीला कोण आजारी म्हणतं?" तिला पटलं की नाही, तेव्हा कळलं नाही. तिनं पंपाची पिशवी मात्र स्वतःच्या हातात घेतली.

केव्हा एक मिनिटही थांबायचं नाही

- ओठ, जीभ किंवा नखं निळसर पडणं
- बरगड्या किंवा गळ्याखालचा खड्डा आत ओढला जाणं
- बोलता, पिता किंवा दूध ओढता न येणं
- मूल मलूल होणं, गुंगीत जाणं
- आराम देणारा पंप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे देऊनही फरक न पडणं
- आधी वाजणारी छाती एकदम गप्प होणं आणि तरी मूल दमलेलं असणं

शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. आवाज थांबला म्हणजे बरं वाटलं, असं नेहमीच नसतं. १०८ ला फोन करा. मुलाला आडवं करू नका, बसतं ठेवा, पंप असेल तर देत राहा. आपल्याकडून अमरावती जवळपास दीडशे किलोमीटर, त्यात घाटाचा रस्ता. म्हणून निघायला केलेला उशीर शहरातल्या उशिरापेक्षा महाग पडतो.

आणि पोट उडतं म्हणून लेकराला डागू नका. २०२५ च्या फेब्रुवारीत चिखलदरा तालुक्यातल्या एका गावात २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्यानं ६५ चटके दिल्याची बातमी आली. उडणारं पोट हा पोटाचा आजार नसतो. हवा कमी पडते म्हणून बाळ पोटाचा जोर लावत असतं. चटक्यानं नळी उघडत नाही, वेळ मात्र जातो. भूमकाबाबांवर तुमचा विश्वास असेल तर त्यांच्याकडून आशीर्वाद घ्या आणि तिथूनच गाडीत बसा. लेकरं स्वतः दवाखान्यात घेऊन आलेले भूमकाही मी पाहिले आहेत.

ती मुलगी आता पहिलीत आहे. मागच्या महिन्यात आई तिला घेऊन आली. किराणा दुकानातून मिळालेलं कॅलेंडर तिनं गुंडाळी करून आणलं होतं. आईला लिहिता येत नाही, तिनं कोळशानं टिंबं काढली होती. जूनच्या पानावर नऊ, जुलैत चार, ऑगस्टमध्ये एक. गाजर गवत फुललं तेव्हा नाक वाहिलंच, शिंका आल्याच, त्याचं औषध सुरू आहे. पण सप्टेंबरचं पान कोरं होतं.

माझ्याकडे खोकणारं लेकरू आलं की आता मी नाकाआधी रात्रीबद्दल विचारतो. मी विसरलो, किंवा तुमचे डॉक्टर विसरले, तर तुम्ही सांगा.

काळजी घ्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध आणि त्याची मात्रा आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.)